सांगून जा

मथुराताईंनी पहिल्याच दिवशी मला अपशकुन करायला लावला.

दसरा होऊन महिना झाला होता आणि शाळेतल्या हंगामी वसतिगृहाचं काम मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. आमची शाळा परभणीजवळच्या झरीहून आत. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागल्यावरच परत येतात. त्यांची लेकरं मागे राहून शिकावीत म्हणून शाळेच्याच दोन खोल्यांत त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय केलेली असते. कागदावर त्या वसतिगृहाची प्रमुख मी. खरा कारभार मथुराताईंचा. स्वयंपाक, अंघोळी, उवा, भांडणं, ताप, सगळं त्याच बघायच्या. चाळिशीची, ठेंगणी, हाताला चपळ बाई. बोलताना मात्र नजर आपल्याकडे कमी आणि दाराकडे जास्त.

संध्याकाळी मी पर्स उचलली आणि म्हणाले, "येते हं मथुराताई."

"कुठं येता?"

"म्हणजे?"

"घरी चालल्यात ना? मंग येते कामून म्हनायलात? जाते म्हना. अन् उद्या किती वाजता येनार ते सांगा."

आपल्याकडे घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 'जातो' ते एकदाच, आणि तेव्हा सांगायला माणूस उरलेला नसतो. त्यात त्या आठवड्यात माझे सासरे परभणीला दवाखान्यात होते. पण मथुराताई पिठाच्या हातांनी दारात उभ्या, त्यांच्या मागे अठरा लेकरं माझ्या तोंडाकडे बघत असलेली आणि बाहेर ऑटोवाल्याचा हॉर्न. माझा स्वभाव मुळात घाईचा. म्हणून टाकलं, "जाते. उद्या साडेदहाला येते."

"मॅडम साडेधाला येनार," त्यांनी वळून लेकरांना सांगितलं आणि मग कुठे दार सोडलं.

झरीपर्यंत ऑटोत आणि पुढे बसमध्ये मी देवाची माफी मागत होते. परभणीला उतरल्या उतरल्या दवाखान्यात फोन लावला. सासरे चहा थंड आणला म्हणून नर्सवर ओरडत होते, म्हणजे प्रकृती उत्तम होती. दुसऱ्या दिवशी मी निवांत अकराला पोचले.  मथुराताई एवढंच म्हणाल्या, "दोन लेकरं साडेधापासून फाटकात हुबी हायत." त्या दोघांतलं एक पहिलीतलं होतं. मला फार लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी दिवसभर मथुराताईंशी तुटक वागले.

पुढे त्यांच्या एकेक तऱ्हा कळत गेल्या. त्या लेकरांशी खोटं बोलत नसत. नर्सताई लस टोचायला आली की आम्ही मास्तर लोक 'मुंगी चावल्यासारखं होतं' असलं काहीतरी सांगायचो. मथुराताई लेकराचा दंड धरून म्हणायच्या, "सुई हाय. दुखतंय. मंग थांबतंय." आणि लेकरू दाताखाली ओठ धरून उभं राहायचं. औषध कडू असेल तर कडूच सांगायच्या. कुणाच्या आई-बापाचा फोन लागला नाही तर "लागंना. उद्या लावू" एवढंच. 'तुझी आई तुझ्यासाठी खाऊ घेऊन निघालीय' अशी थाप मी एकदा एका रडणाऱ्या पोरीला मारली, तेव्हा मथुराताईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "निघाली का मॅडम? कुटून फोन आला व्हता?"

दारांवर त्यांचा विशेष राग. न्हाणीच्या दाराची कडी चुकून बाहेरून लागू नये म्हणून तिला त्यांनी लुगड्याची चिंधी गुंडाळून ठेवली होती. दार आतून लावता यायचं, बाहेरून नाही. जेवायच्या त्या उभ्यानं. दुपारी पाठ टेकायच्या नाहीत. उन्हाळ्यात परभणीकडे दुपारी कुत्रीसुद्धा सावली धरून झोपतात, तेव्हाही ही बाई दारात भिंतीला टेकून, डोळे टक्क उघडे ठेवून बसलेली असायची.

आणि फिकीर. बाजारातून भाजी आणणारा माणूस दहा मिनिटं उशिरा आला की यांचे हात चालू व्हायचे. सूप घ्यायच्या आणि निवडलेली डाळ पुन्हा निवडायला लागायच्या. वीस मिनिटं झाली की तांदूळ. अर्धा तास झाला की निवडलेले तांदूळ पुन्हा. आमच्या वसतिगृहाच्या वरणभातात कधी खडा लागला नाही, याचं गावात मोठं कौतुक होतं. कारण फक्त मला माहीत होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसलं मन घेऊन ही बाई अठरा लेकरांना सांभाळत होती.

नवरा शेळ्या राखायचा. भगवानराव म्हणून अबोल गृहस्थ. लग्नात बाकी काही बघितलं नव्हतं म्हणे. "दोन जागा आल्या व्हत्या. एक डायवर व्हता, चांगला दिसायला. म्या म्हनलं, शेळ्यावाला बरा. शेळ्यावाला मानूस लांब जात न्हाई मॅडम. दिवस मावळायच्या आत शेळ्याच त्याला घरी आनतात." हे सांगताना त्या हसल्या होत्या. त्यांना हसताना पाहिलं की वाटायचं, अरे, ही बाई मुळात गमत्या स्वभावाची आहे, मधे कुणीतरी काहीतरी करून ठेवलं आहे.

एकुलती एक लेक आरती. माझ्याच वर्गात होती, आणि सांगायला हरकत नाही, तेवीस वर्षांच्या नोकरीत गणित इतकं सहज सुटणारी पोर मी दुसरी पाहिली नाही. घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. तरी मथुराताई तिला सोडायला यायच्या आणि मधल्या सुट्टीत खिडकीतून डोकावून जायच्या. दहावीनंतर आरती परभणीला जाऊन सायन्सला शिकणार की गावातच राहणार, एवढाच प्रश्न होता. पण तो प्रश्न नुसता निघाला तरी मथुराताई सूप जवळ ओढायच्या.

पहिल्याच हंगामात मी जे केलं ते मला लिहायलाही जड जातं.

ऊसतोडीच्या टोळ्या एकदम निघत नाहीत. त्या दिवशी उरलेल्या सात घरांचा ट्रॅक्टर निघायचा होता. आधीच्या खेपेला लेकरांची रडारड मी पाहिली होती, आयांच्या पदराला धरून लोंबकळणारी, ट्रॅक्टरमागे पळणारी. माझ्याच्यानं ते बघवेना. म्हणून मी शक्कल लढवली. वर्गात टीव्ही लावला, कार्टून चालू केलं, दार ओढून घेतलं आणि आई-बापांना म्हटलं, "जा आता गुपचूप. लेकरांना कळायच्या आत निघा." त्या बायांनी डोळ्यांना पदर लावला, पण निघाल्या. मुकादमही खूश झाला. मी मनात म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

मथुराताई भाजी घेऊन येत होत्या. त्यांना वेशीजवळ भरलेला ट्रॅक्टर दिसला आणि लेकरं दिसली नाहीत. त्यांनी पिशवी तिथंच टाकली आणि त्या ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

आवाज ऐकून मी धावत गेले. मुकादम ओरडत होता, ड्रायव्हर इंजिन गुरगुरवत होता. मथुराताईंचा आवाज मात्र अजिबात चढलेला नव्हता. "उतरा. समदे उतरा. लेकराला सांगून या. रडंल तर रडू द्या. सांगितल्याबिगर हलायचं न्हाई."

"अवं, आता कुठं शांत बसल्यात लेकरं," मुकादम म्हणाला. "मॅडमनीच सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेले नाही. तिच्यात राग नव्हता, भीती होती. माझीच भीती वाटल्यासारखी.

आई-बाप उतरले. वर्गात गेले. पुढचा अर्धा-पाऊण तास शाळेत जो आकांत झाला तो साऱ्या गावाने ऐकला. मथुराताई दारात उभ्या राहून एकेका आईला सांगत होत्या, "येते म्हनू नका. जाते म्हना. किती महिन्यांनी येनार ते बोटांवर मोजून दावा." एका बाईला ते 'जाते' तोंडातून फुटेचना. "माय, आसं वंगाळ कसं बोलू लेकरापुढं?" म्हणून ती रडायला लागली. मथुराताईंनी तिचा हात धरून लेकराच्या डोक्यावर ठेवला आणि ती बोलेपर्यंत सोडला नाही.

माझा चारचौघांत अपमान झाला होता. ट्रॅक्टर गेल्यावर मी त्यांना तावातावानं म्हणाले, "काय मिळवलंत हे करून? लेकरं हसत होती. आता बघा."

त्या सूप घेऊन बसल्या होत्या. वर बघितलं नाही. "आत्ता रडायलेत ना, ते चांगलं हाय मॅडम. कशासाटी रडायलोत ते त्यास्नी ठावं हाय."

मग डाळीकडे बघतच त्यांनी सांगितलं. त्या पाच वर्षांच्या असल्यापासून त्यांचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. पोर रडेल म्हणून पहाटे झोपेतच सोडून जायचे. पहिल्या वर्षी आदल्या दिवशी आई "येते गं बाई" म्हणाली होती. "म्या वाट बघत बसले. येते म्हनली ना? मंग येनार. आज न्हाई तर उद्या. पाच महिने आज-उद्या केलं म्या." मागे चुलतीच्या घरी ठेवायचे. चुलती शेतात जाताना बाहेरून कडी घालायची. ते एक वेळ समजून घेता येतं, पोर एकटी, विहीर जवळ. पण तिला थट्टेची सवय होती. लहान पोरांना 'तुला कचऱ्यातून आणलंय' म्हणून रडवणारी माणसं प्रत्येक घरात असतात, तसली. ही चुलती शेतातून आली की म्हणायची, "आगं, तुजी माय येऊन गेली. तू झोपली व्हतीस म्हनून परत गेली."

"रोज?" मी विचारलं.

"रोज न्हाई. कवातरी. रोज म्हनली आसती तर मला खोटं हाय कळलं आसतं." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "मंग म्या झोपायचंच सोडून दिलं. दिवसा तर न्हाईच. सात हंगाम गेले आसंच."

 बसची वेळ झाली होती. मी उठले, पर्स घेतली, आणि "जाते, उद्या साडेदहाला" असं म्हणून निघाले. त्या वेळी ते मला अपशकुनी वाटलं नाही.

आरती दहावीत असताना डिसेंबरात ते घडलं. कसल्याशा परीक्षेच्या फॉर्मसाठी ती मैत्रिणीबरोबर परभणीला गेली होती आणि दोनला येते सांगून साडेतीन झाले तरी आली नव्हती. फोन बंद. मी वर्गावर होते. एक पोरगी पळत आली, "मॅडम, ताई पडल्यात." स्वयंपाकखोलीत मथुराताई जमिनीवर, हाताची बोटं वाकडी होऊन आखडलेली, छाती भात्यासारखी चाललेली, ओठ पांढरे. भोवती बाया जमल्या होत्या. एक म्हणाली बाहेरचं आहे, एक म्हणाली लिंबू आणा. मला वाटलं हार्ट अटॅक. ऑटोत घालून झरी आणि तिथून गाडी करून परभणीचा सरकारी दवाखाना गाठला. वाटेत त्यांचं एकच चाललं होतं, "आरतीला सांगा मी कुठं हाय." पोर बिचारी फोनची बॅटरी संपल्यानं अडकली होती, ती परस्पर दवाखान्यात आली.

कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. काही नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून वरच्या मजल्यावर पाठवलं. दारावरची पाटी वाचून मथुराताई म्हणाल्या, "म्या येडी न्हाई मॅडम."

आत एक पंचविशी-तिशीची मुलगी होती, समुपदेशक. मथुराताईंनी माझ्या कानात सांगितलं, एवढीशी पोरगी काय ऐकणार म्हणून. ती मुलगी थोडं बोलली आणि म्हणाली, "मावशी, मी खाली जाऊन कागद आणते. पाच मिनिटं लागतील." मथुराताईंची नजर भिंतीवरच्या घड्याळावर खिळली. मुलगी परत आली तेव्हा त्या मला हळूच म्हणाल्या, "चार मिन्टात आली. पोरगी खरी हाय." मग त्या तिच्याशी तासभर बोलल्या. मला बाहेर बसायला सांगितलं नाही, त्यामुळे मी ऐकत होते.

त्या मुलीनं समजावलं ते मला आठवतं तसं सांगते. हे वेड नाही. लहान असताना तुमच्या शरीरानं पहारा करायला शिकून घेतलं, कारण तेव्हा तुमच्यासाठी पहारा करणारं दुसरं कुणी नव्हतं. आता गरज नाही, पण पहारेकऱ्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

"मंग त्याला रिटायर कवा करायचं?" मथुराताईंनी विचारलं.

"एकदम नाही. आधी अर्ध्या दिवसाची सुट्टी द्यायची."

तो शब्द त्यांनी उचलला. त्या दर पंधरा दिवसांनी परभणीला जायला लागल्या, गोळ्याही सुरू झाल्या. बहुतेक वेळा मी बरोबर असायचे. एकदा त्या मुलीनं विचारलं, आईचा राग येतो का? मथुराताईंनी मान हलवली. "मायवर कसला राग? लेकरू रडंल म्हनून उठवलं न्हाई तिनं. तिचा जीव तुटत आसंल. तिला तरी कुटं कळत व्हतं?" आणि मग पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "पर मला रडू द्यायला पाह्यजे व्हतं."

ऐकायला सोपं वाटतं. माणूस दवाखान्यात गेला, बोलला, बरा झाला. तसं काही झालं नाही. दोन आठवडे बरे जायचे, एक आठवडा असा यायचा की त्या लेकरांची नावं चुकायच्या. मार्चमध्ये आरतीचं परीक्षाकेंद्र बाहेरगावी आलं. पहिल्या पेपरला मथुराताई तिच्या मागोमाग दुसऱ्या बसनं गेल्या आणि तीन तास फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहिल्या. पोरीला वर्गाच्या खिडकीतून आई दिसत होती. पेपर कसा लिहिला असेल कोण जाणे. संध्याकाळी ती आईला शांतपणे म्हणाली, "माय, म्या कुटं जात न्हाई. हितंच ऱ्हाते. तू नको फिकीर करू."

दुसऱ्या दिवशी मथुराताई माझ्याकडे आल्या. मला वाटलं होतं सुटल्यासारख्या दिसतील. चेहरा उतरलेला. "मॅडम, म्या बाहेरून कडी घातली पोरीला," त्या म्हणाल्या. "चिंधी बांधून उपेग न्हाई, कडी तर मीच हाय."

त्यानंतर अर्ध्या दिवसाच्या सुट्ट्या जोरात सुरू झाल्या. आरती झरीच्या बाजाराला जायची, कधी येईन ते न सांगता. हे त्या समुपदेशक मुलीच्या सांगण्यावरून मुद्दाम ठरवलेलं. एकदा त्या वेळात मी त्यांच्याजवळ बसले होते. सूप त्यांनी मुद्दाम माळ्यावर टाकलं होतं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या. "दुखतंय," म्हणाल्या, "मंग थांबतंय." थांबत मात्र नव्हतं. फटफटीचा आवाज आला की मान वळायची. मी गप्पा मारायचा प्रयत्न केला, एका वाक्याला हूं, दुसऱ्याला तेही नाही. फिकीर ही लागण होणारी गोष्ट आहे. तासाभरात माझ्याच मनात परभणी-झरी रस्त्यावरचे सगळे ट्रक धावायला लागले. आरती आली तेव्हा मथुराताईंच्या आधी मीच उठून उभी राहिले होते. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता कळलं का मॅडम, डाळ कशी निवडली जाती?"

निकाल लागला. आरतीला परभणीच्या कॉलेजात प्रवेश आणि मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. त्याच सुमारास माझी बदली झाली, पोखर्णीकडच्या शाळेवर, म्हणजे परभणीच्या अगदी दुसऱ्या बाजूला. फोन होतात, पण त्यानंतर मथुराताईंची भेट झालेली नाही. त्यामुळे त्यांचं शेवटचं दर्शन म्हणजे आरती निघाली ती दुपार.

जून सुरू होऊनही ऊन हटलेलं नव्हतं. आरतीच्या प्रवेशाचे कागद द्यायला मी ऑटो करून गेले, तोच ऑटो बापलेकीला झरीच्या बसवर सोडणार होता आणि परत येऊन मला नेणार होता. मी दारात पोचले तर आरती ओठांवर बोट ठेवून उभी. आत मथुराताई चटईवर झोपल्या होत्या. सकाळपासून दशम्या, चटणी, पेटी भरणं चाललं होतं. जरा पाठ टेकते म्हणाल्या आणि डोळा लागला. भरदुपारी. भगवानराव दबक्या आवाजात म्हणाले, "लग्न झाल्यापून पैल्यांदा बघायलोय."

आरती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, मी निघते. उठवलं तर लय तरास होईल तिला. पोचल्यावर फोन करते."

भगवानरावांनीही मान हलवली. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला आईची दया येत होती, दुसरं काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तेच बरं वाटलं. त्या इतक्या शांत झोपल्या होत्या. उठल्या तर पुन्हा हात आखडतील, छाती भरून येईल, पोरीचा पाय अडेल, सगळं मुसळ केरात जाईल. ऑटोवाला घड्याळ बघत होता.

"नाही," मी म्हणाले. "उठव."

"तुमी उठवा."

"मी नाही. तू उठव."

ती आईच्या उशाशी बसली. दंडाला हात लावला. "माय. मी जायले."

मथुराताई दचकून उठल्या. दाराकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. बोटं चटईची काडी चाचपायला लागली. 

"किती वाजता पोचशील?"

"चारपर्यंत."

"अन् परत कवा?"

आरतीनं आईचा हात धरला. "पंधरा दिवसांनी शनिवारी. पर पक्कं न्हाई, माय. होस्टेलवाल्यांनी सोडलं तर."

 पक्कं नाही हे उत्तर त्या घरात आजवर कुणी दिलेलं नव्हतं. मथुराताईंनी डोळे मिटले, उघडले. "पक्कं न्हाई तर पक्कं न्हाई म्हनलीस," त्या म्हणाल्या, "बरं केलंस." आणि मग त्या रडल्या. तोंड न लपवता, लहान मुलासारख्या मोठ्यानं. आरती त्यांच्या गळ्यात पडून रडली. कुणी कुणाला गप्प केलं नाही. बाहेर ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं.

बापलेकीला घेऊन ऑटो गेला. त्या दारापर्यंत आल्या, उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. आत येऊन तोंड धुतलं, पाणी प्यायल्या. मला वाटलं आता हात चालू होणार, आता माळ्यावरून सूप निघणार. त्या चटईवर बसल्या. "मॅडम, डोळे जड व्हायलेत," म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या. दार सताड उघडं होतं. थोड्या वेळानं त्यांचं तोंड किंचित उघडलं आणि घोरणं ऐकू यायला लागलं.

मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. मग लक्षात आलं, आता माझी पंचाईत. तासाभरानं ऑटो मला न्यायला येणार. तो गेला की झरीपर्यंत दुसरं वाहन नाही, पुढची परभणीची बस गाठायची, घरी सासऱ्यांची औषधं. आणि समोर ही बाई झोपलेली. उठवावं तर आयुष्यात कधी नव्हे ती लागलेली झोप मोडायची. न उठवता निघावं तर काय होईल ते मला चांगलंच ठाऊक होतं.

ऑटोचा आवाज वेशीपासूनच ऐकू आला. मी अनवाणी पळत बाहेर गेले, तो हॉर्न द्यायच्या आत हात हलवून त्याला थांबवलं आणि जा म्हणून खुणावलं. त्याला वाटलं या बाईचं डोकं फिरलं. तो गेल्यावर मी येऊन भिंतीला टेकून बसले. पत्रा तापला होता. घामानं पाठ भिजली. माझ्यासारख्या घाईच्या माणसाला नुसतं बसणं ही शिक्षा आहे. तरी बसले. त्यांच्या पापण्या हलल्या की मी सावरून बसायची, त्यांना मी दिसावी म्हणून.

उन्हं कलल्यावर त्यांनी डोळे उघडले. आधी दाराकडे पाहिलं. मग सावकाश मान फिरवून माझ्याकडे.

"तुमी हितंच हायत?"

"इथंच आहे."

"किती वेळ झोपले म्या?"

"दोन तास झाले असतील."

"दोन तास," त्या म्हणाल्या. त्यांनी हात लांब केला आणि माझ्या साडीच्या काठाला बोटं लावून पाहिली. मला वाटलं आता उठतील, चहा टाकतील, माझ्या बसची चौकशी करतील. त्या उठल्या नाहीत. हात तसाच ठेवून थोडा वेळ छताकडे बघत राहिल्या आणि मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "अजून थोडी झोपू का?"

"झोपा," मी म्हणाले. "मी बसले आहे."